हौस माणसाची, हाल मुक्या जिवाचे

पग जातीचा कुत्रा झोपला की घोरतो आणि घरातल्या सर्वांना त्याचे हसू येते. आलेल्या पाहुण्यांना ते घोरणे मुद्दाम ऐकविले जाते. पॉमेरेनियन खोकू लागला की बदकाच्या ओरडण्यासारखा आवाज निघतो. त्याचीही मुलांना गंमत वाटते. एखादे लहान कुत्रे चालता चालता मागचा एक पाय उचलते, दोन-चार पावले लंगडी घालते आणि पुन्हा नीट चालू लागते. ते लाडात आले आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. वस्तुतः या तिन्ही गोष्टींत हसण्यासारखे काहीही नाही. पहिल्या कुत्र्याच्या नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग गरजेपेक्षा लांब असल्यामुळे त्याला श्वासासाठी झटावे लागत असते. दुसऱ्याची श्वासनलिका दुबळी होऊन चपटी होत चाललेली असण्याचा संभव असतो. तिसऱ्याच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत असते. तीन व्याधी आणि तिन्हींचे कौतुक, असा हा प्रकार आहे. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. आहे ते अज्ञान, आणि तेही प्रेमळ अज्ञान. म्हणूनच ते दूर करणे अधिक कठीण आहे.

महाराष्ट्राला कुत्रा नवा नाही. श्रीदत्ताच्या पायाशी चार श्वान असतात, खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा धावतो आणि धनगराच्या मेंढरांची राखण कुत्र्यावाचून होत नाही. परंतु या कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर होती. भाकरतुकडा खाऊन तो अंगणात पडे, ऊन झाले की झाडाखाली जाई, संकट आले तर पळे किंवा दात दाखवी. त्याची फारशी निगा कोणी राखत नसे, हे खरे. पण निसर्गाने दिलेले शरीर त्याच्यापाशी शाबूत होते आणि त्या शरीराच्या बळावर तो स्वतःला सांभाळत होता.

पुढे वाडे गेले, चाळी मोडल्या आणि दोन-तीन खोल्यांच्या सदनिका आल्या. जागा आखडली तसा कुत्राही आखडला. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील पांढऱ्याशुभ्र टफीने घराघरांतील मुलांना वेड लावले. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे जाणारा पग दिसला आणि त्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला देशभर मागणी आली. त्यामागोमाग शिह त्झू, डॅशहंड, चिवावा ही नावे मध्यमवर्गीयांच्या तोंडी रुळली. 'लहान घराला लहान कुत्रा' हे समीकरण पक्के झाले. लहान कुत्रा म्हणजे कमी जागा, कमी खाणे, कमी खर्च आणि कमी त्रास, असा हिशेब त्यामागे असतो. या हिशेबातली जागेची रक्कम कदाचित बरोबर असेल. बाकीच्या साऱ्या चुकल्या आहेत.

लहानपण कोणी दिले?

या कुत्र्यांचे लहानपण निसर्गाने दिलेले नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पॉमेरेनियनचे पूर्वज बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांतातले, चांगले धष्टपुष्ट कुत्रे होते. व्हिक्टोरिया राणीला त्यातले लहान कुत्रे आवडले आणि तेथून ही जात आकाराने उतरत गेली. आज तिचे वजन दोन-तीन किलोंवर आले आहे. डॅशहंड ही जर्मनांनी बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी घडविलेली जात. पाय आखूड आणि पाठ लांब, म्हणून तो बिळात शिरू शकला. आणि त्याच लांब पाठीच्या मणक्यांतील गाद्या आज सोफ्यावरून उड्या मारून सरकतात व मागचे पाय लुळे पडतात. पग चीनच्या राजवाड्यांत वाढला. त्याचा चेहरा माणसाच्या तान्ह्या मुलासारखा गोल दिसावा म्हणून पिढ्यानपिढ्या चपट्या तोंडाच्याच नर-मादीची निवड होत गेली. चेहऱ्याचे हाड आखडले, पण आतले मांस त्या प्रमाणात आखडले नाही. त्याचे घोरणे हे या निवडीचे फळ आहे.

म्हणजे ज्याला लाडाने 'गोंडस' म्हटले जाते, ते पुष्कळदा माणसाने मुद्दाम जोपासलेले व्यंग असते. एखाद्या जिवाला आपल्या हौसेसाठी दुबळे करावयाचे आणि मग त्या दुबळेपणाची जबाबदारी मात्र घ्यावयाची नाही, हे नीतीला धरून नाही. लहान कुत्र्याची काळजी हा भूतदयेचा किंवा लाडाचा प्रश्न नसून तो फेडावयाच्या ऋणाचा प्रश्न आहे, असे म्हणावे लागते ते याच कारणाने.

देह लहान, गरजा वेगळ्या

लहान कुत्रा म्हणजे मोठ्या कुत्र्याची छोटी प्रतिकृती नव्हे. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. चाळीस-पन्नास किलोच्या ग्रेट डेनला ४२ आणि दोन किलोच्या चिवावालाही ४२. काडेपेटीएवढ्या जबड्यात ही दाटी झाल्यावर दातांच्या फटींत अन्न अडकते, कीटण साचते, हिरड्या सुजतात आणि ऐन उमेदीत दात पडू लागतात. दुधाचे दात वेळेवर न पडण्याचे प्रमाणही या जातींत अधिक. कुत्र्याच्या तोंडाला घाण येते म्हणून त्याला दूर लोटणारे पुष्कळ असतात. तोंड उघडून आत पाहणारे थोडे. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या पेस्टने दात घासण्याची सवय पिल्लू असतानाच लावली, तर पुढचे बरेच दुखणे टळते. माणसांची पेस्ट मात्र त्यासाठी वापरू नये.

खाण्याचेही तसेच. तीन किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाकाठी साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. एका पोळीत शंभराच्या आसपास कॅलरी असतात. जेवताना प्रेमाने टाकलेली एक पोळी म्हणजे माणसाने रोजच्या जेवणावर आठ-दहा पोळ्या जादा खाण्यासारखे आहे. त्यातून येणारी चरबी आधीच नाजूक असलेल्या गुडघ्यांवर, पाठीवर आणि श्वासनलिकेवर भार टाकते. उलट, या जातींच्या पिल्लांना उपास मुळीच सोसत नाही. त्यांच्या अंगात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. काही तास पोटात अन्न गेले नाही तर पिल्लू थरथरते, झोकांड्या देते, मलूल होऊन पडते आणि कित्येकदा दगावते. तीन-चार तासांनी थोडे थोडे खाऊ घालणे हाच त्यावर खरा उपाय. असा प्रसंग ओढवलाच तर हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळून तत्काळ पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

विषाची मात्रा वजनावर ठरते, हेही विसरून चालणार नाही. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका-बेदाणे हे पदार्थ कुत्र्यांना घातक आहेत. मोठ्या कुत्र्याला चॉकलेटच्या ज्या तुकड्याने जेमतेम पोट बिघडेल, तेवढ्यानेच लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे, कांदा घातलेला रस्सा, साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉल या गोष्टी घरात कोणी विष समजत नाही. डोकेदुखीची गोळी अर्धी करून कुत्र्याला देणारे सुशिक्षितही आढळतात. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन यांसारखी माणसांची औषधे पशुवैद्याला विचारल्यावाचून देणे म्हणजे त्या जिवाशी खेळणे होय.

धोका घरातच

लहान कुत्र्याला सर्वांत मोठे भय रस्त्यावरच्या मोटारीचे असते, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचे पाय मोडतात ते बहुधा घरातच. पाच-सहा वर्षांचे मूल त्याला कडेवर घेते, ते हातातून उडी मारते आणि पुढच्या पायाची हाडे मोडतात. ही हाडे पेन्सिलीएवढी जाड; मनगटाजवळ त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सांधण्यासही त्रास पडतो. पलंगावरून उडी, दारात सापडलेले शेपूट, अंधारात पायाखाली येणे, गॅलरीच्या गजांमधल्या फटी यांतले काहीही या देहाला क्षुल्लक नाही. मुलांनी कुत्र्याला उभ्याने उचलू नये, जमिनीवर बसून मांडीवर घ्यावे. पलंगाशी एखादी बुटकी पायरी ठेवावी. फरशी निसरडी असेल तर सतरंजी अंथरावी. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. लक्ष मात्र लागते.

फिरायला नेताना गळ्यातल्या पट्ट्याला हिसका देण्याची सवय तर सर्रास दिसते. ज्याची श्वासनलिका मुळातच दुबळी, त्याच्या गळ्याला फास लावल्यासारखेच हे आहे. पग किंवा शिह त्झू यांचे डोळे उथळ खोबणीत बसलेले असतात. गळ्याला जोराचा ताण बसला किंवा दुसऱ्या कुत्र्याशी झटापट झाली, तर डोळा अक्षरशः खोबणीबाहेर येतो. अशा वेळी तो आत ढकलण्याचा खटाटोप न करता ओल्या स्वच्छ कापडाने झाकून तडक दवाखाना गाठावा लागतो. हे टाळण्यासाठी गळ्याऐवजी छातीला बांधावयाचा पट्टा वापरणे हा साधा मार्ग आहे. दुकानदार त्यालाच हार्नेस म्हणतात.

गावाच्या वेशीवर किंवा डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाद्याचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सर्वाधिक वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्याही याला अपवाद नाहीत. रात्री अंगणात बांधलेले लहान कुत्रे ना राखण करू शकते, ना पळून जाऊ शकते. ज्याच्याकडून राखण होत नाही त्याची राखण करणे हे घरधन्याचे काम ठरते.

वैशाखवणवा आणि चपटे नाक

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचा ओलावा उडवून तो शरीर थंड करतो. ज्या कुत्र्याला धड श्वासच घेता येत नाही, त्याने धापा कशा टाकाव्यात? कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या वर गेले की प्राणांवर बेतते. अकोला, चंद्रपूर, जळगाव अशा गावी, जेथे वैशाखात पारा ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतो, तेथे पग पाळणे हे धाडसच आहे. आणि त्या धाडसाची किंमत पाळणारा मोजत नाही. असे कुत्रे पाळलेच असेल तर त्याला सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि रात्रीच बाहेर काढावे. तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. हात पोळत असेल तर ते पायही पोळतात, आणि ज्याचे पोट जमिनीपासून वीतभर उंच त्याचे पोटही भाजते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत त्याला पाच मिनिटेही ठेवू नये. जीभ जांभळी पडली, लाळ घट्ट झाली, झोक जाऊ लागला, तर अंगावर साधे गार पाणी ओतून पंख्याचा वारा घालावा आणि मगच दवाखान्याची वाट धरावी.

याच्या उलट थंडीतही हा जीव लवकर गारठतो. देह जेवढा लहान, तेवढी आतल्या उष्णतेच्या मानाने कातडी अधिक, म्हणून ऊब लवकर निघून जाते. पेल्यातला चहा पातेल्यातल्या चहाच्या आधी निवतो, त्यातलाच हा प्रकार. नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या पहाटे कुत्र्याला घातलेल्या गरम बंडीची टवाळी करणाऱ्यांनी हे जाणून घेणे बरे.

लाड म्हणजे संगोपन नव्हे

मोठा कुत्रा गुरगुरला तर त्याला शिस्त लावली जाते. लहान कुत्रा चावला तर हसण्यावारी नेले जाते. हा भेद कुत्र्याच्याही हिताचा नाही आणि समाजाच्याही नाही. रेबीजचा विषाणू कुत्र्याची उंची पाहून येत नाही. हा रोग एकदा जडला की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. प्रतिबंध मात्र संपूर्ण शक्य आहे. 'आमचे कुत्रे घराबाहेर जात नाही' हे कारण सांगून लस टाळणारी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे पुन्हा पुन्हा, हा क्रम चुकता कामा नये. कोणत्याही कुत्र्याच्या दाताचा ओरखडा उठला तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे गेले पाहिजे, मग तो कुत्रा शेजाऱ्याचा लाडका का असेना.

एकटेपणाचाही विचार व्हावा. नवरा-बायको दोघेही नोकरीला, मुले शाळा-कॉलेजात आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत घराला कुलूप, अशा घरी आणलेले पिल्लू भुंकते, चपला कुरतडते, जागोजागी घाण करते आणि मग त्याला मार बसतो. चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला?

कायद्याचे डोळे कोणीकडे?

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने हिंस्र ठरविलेल्या २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री व पैदास थांबविण्याविषयी राज्यांना कळविले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. त्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, माणसाला ज्या कुत्र्यांचे भय वाटते त्यांची सरकारला आठवण झाली. माणसाच्या हौसेपायी ज्यांना श्वास घेता येत नाही त्यांची झाली नाही. नॉर्वेत हा प्रश्न न्यायालयात गेला. ज्याच्या कवटीत मेंदूला पुरेशी जागा उरलेली नाही, अशा कॅव्हेलियर किंग चार्ल्स या लहान जातीची पैदास तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बेकायदा ठरविली. नेदरलँड्सनेही अतिआखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आणले आहेत.

भारतात कायदा अगदीच नाही असे नव्हे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे नियम २०१७ पासून आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकू नये, असे ते सांगतात. तथापि, महिन्याभराचे पिल्लू टोपलीत घालून विकणारा माणूस कोणत्याही शहरात सापडतो आणि त्याची पावती मागणारा गिऱ्हाईक सहसा सापडत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या अपराधाला १० ते ५० रुपये दंड सांगितला आहे. तो वाढविण्याचा मसुदा २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आला. पन्नास रुपयांत आज कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही येत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडण गाई-म्हशींना डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे आणि शेतीप्रधान राज्यात ते स्वाभाविकही आहे. परंतु घरोघरी कुत्रे वाढले असताना त्यांच्या रोगांची जाण असणारा वैद्य केवळ मोठ्या शहरांतच मिळावा, हे योग्य नव्हे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. ज्या देशात माणसांना वेळेवर औषध मिळत नाही, तेथे कुत्र्यांच्या दातांची आणि गुडघ्यांची चिंता कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचा रोख चुकीच्या दिशेला आहे. तो रोख पाळणाऱ्याच्या अंगणात जावयास हवा. कुत्रे पाळण्याची सक्ती कोणी कोणावर केलेली नाही. ज्याला त्याचा खर्च, वेळ आणि त्रास झेपत नाही, त्याने ते आणू नये. आणि ज्याने आणले त्याने गरिबीची सबब सांगू नये. लहान जातीचे कुत्रे बारा ते पंधरा वर्षे जगते. अकरावीतल्या विद्यार्थ्याने हट्टाने आणविलेले पिल्लू त्याची नोकरी, त्याचे लग्न आणि कदाचित त्याचे मूल शाळेत गेलेलेही पाहील. तोवर त्याला मोतीबिंदू झालेला असेल, हृदयाची झडप दुबळी झालेली असेल आणि ते सांभाळण्याचे काम बहुधा त्या मुलाच्या आईकडे आलेले असेल. म्हणून वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी पंधरा वर्षांचा हिशेब मांडावा. तो जमत असेल आणि सोबत हवीच असेल, तर विकत घेण्याआधी आपल्याच मातीतल्या गावठी पिल्लाकडे एकदा पाहावे. त्याला ऊन सोसते, त्याचे नाक लांब आहे आणि त्याला घराची गरजही अधिक आहे.

शिक्षकांना यात विशेष काम आहे. 'माझा आवडता प्राणी' या विषयावर निबंध लिहिण्याची प्रथा शाळांतून पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. त्या निबंधात कुत्रा इमानी असतो, हे प्रत्येक मूल लिहिते. कुत्र्याशी माणसाने कोणते इमान राखावे, हा प्रश्न मात्र कोणत्याही इयत्तेत विचारला जात नाही. तो विचारला गेला तर पुढच्या पिढीतले मूल पगाचे घोरणे ऐकून हसणार नाही. उठून त्याला सावलीत नेईल आणि त्याला श्वास घेता येतो आहे ना, हे आधी पाहील.